जादूची बासरी घरी बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोझार्टचा 'डी त्साउबरफ्ल्योटं', म्हणजेच 'जादूची बासरी' हा ऑपेरा, घरच्या पडद्यावर बघून झाला की लोक मला प्रश्न पाठवतात. पुष्कळदा तो अर्ध्यावर सोडूनही पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पहिल्यांदा बघणाऱ्यांचे आहेत, शेवटचे दोन-तीनदा बघितलेल्यांचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगायची वेळ आली, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी आयुष्यात एकही ऑपेरा पाहिलेला नाही. सुरुवात याच्यापासूनच का करायची?

कारण हा ऑपेरा तुम्हाला वाटतो तितका परका नाही. जर्मन रंगभूमीवर 'झिंगश्पील' नावाचा एक प्रकार होता, हा ऑपेरा त्यातलाच. त्यात पात्रं गद्यात बोलतात, प्रसंग रंगात आला की गातात आणि गाणं संपलं की पुन्हा बोलायला लागतात. आपल्या संगीत नाटकाची घडण हीच आहे. बहुतेक इटालियन ऑपेरांत बोलणंसुद्धा सुरातच असतं आणि नवख्या कानाला तेच जड जातं. इथे ती अडचण नाही.

फरक एकच, पण मोठा. संगीत नाटकात नट पद फुलवतो, आलाप-ताना घेतो, मैफल रंगली तर पद लांबतं. इथे प्रत्येक सूर संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेला आहे. गायकाचं कसब तो सूर कसा लावतो, शब्द कसा टाकतो, श्वास कुठे घेतो यात दिसतं.

२. हा ऑपेरा नेमका कधीचा आणि कुणासाठी लिहिलेला?

पहिला प्रयोग ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नात झाला. तोही दरबारी नाट्यगृहात नव्हे, तर शहराच्या तटाबाहेरच्या वीडन या वस्तीतल्या नाट्यगृहात. तिथला प्रेक्षक सर्व थरांतला होता, विनोद, यंत्रांच्या करामती आणि रंगीत देखावे यांची आवड असलेला. नाट्यगृह चालवणारा एमानुएल शिकानेडर स्वतःच नाटककार आणि नट. संहिता त्याने लिहिली आणि पापागेनो या पारध्याची भूमिका स्वतःसाठी ठेवली. तो कसलेला गायक नव्हता, म्हणून पापागेनोची गाणी गळ्याला सोपी आहेत. उलट रात्रीच्या राणीची भूमिका मोझार्टची मेहुणी योझेफा होफर हिच्यासाठी लिहिलेली, आणि तिचा गळा विलक्षण उंच चढणारा होता. पहिल्या प्रयोगाचं संचालन मोझार्टने केलं. ५ डिसेंबरला, पस्तिसाव्या वर्षी, तो गेला.

याच १७९१ साली कालिदासाच्या 'शाकुंतला'चं गेओर्ग फोर्स्टरने केलेलं जर्मन भाषांतर प्रसिद्ध झालं. जर्मन कवी गटेला त्याने वेड लावलं. पुढे गटेने वायमारमध्ये 'जादूची बासरी' रंगमंचावर आणला आणि त्याचा उत्तरार्धही लिहायला घेतला, तो अपुरा राहिला. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात १८८० साली उभं राहिलं. या गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण मला त्या एकत्र आठवतात.

३. गोष्ट आधी वाचली तर मजा जात नाही का?

जात नाही. वाचूनच बसा. मोझार्टने ऑक्टोबर १७९१ मध्ये बायकोला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांतल्या एका पत्रात तो सासूबाईंना प्रयोगाला घेऊन जाणार असल्याचं लिहितो, आणि संहितेची पुस्तिका त्यांना आधीच वाचायला दिली आहे, हेही सांगतो. व्हिएन्नातली, जर्मन मातृभाषा असलेली बाई जर वाचून गेली, तर आपण न वाचता बसण्यात काही शौर्य नाही.

४. मग गोष्ट सांगा.

तामिनो नावाच्या राजपुत्रामागे एक मोठा सर्प लागला आहे. तो बेशुद्ध पडतो. काळ्या वेषातल्या तीन स्त्रिया सर्पाला मारतात आणि निघून जातात. शुद्धीवर आल्यावर त्याला समोर दिसतो पापागेनो, अंगभर पिसं ल्यालेला, पक्षी पकडून राणीला पोचवणारा. सर्प मीच मारला, अशी थाप तो ठोकून देतो. त्या स्त्रिया परत येतात, खोटं बोलल्याबद्दल त्याच्या तोंडाला कुलूप घालतात आणि तामिनोच्या हातात पामिना या मुलीचं चित्र देतात. चित्र बघून तो प्रेमात पडतो. मग मुलीची आई, रात्रीची राणी, स्वतः प्रकटते: झारास्ट्रो नावाच्या दुष्टाने माझी मुलगी पळवली आहे, तिला सोडवून आण. तामिनोला जादूची बासरी मिळते, पापागेनोला छोट्या घंटांचं वाद्य, आणि वाट दाखवायला तीन मुलगे.

झारास्ट्रोच्या मंदिरापाशी पोचल्यावर तामिनोला कळतं की आपण एकच बाजू ऐकली होती. झारास्ट्रो दुष्ट नाही, तो सूर्यपूजक साधकांचा प्रमुख आहे. दुसऱ्या अंकात तामिनोच्या परीक्षा सुरू होतात: मौनाची, मग अग्नी आणि पाण्याची. पापागेनोला या कशातच रस नाही. त्याला खायला, प्यायला आणि एक बायको हवी आहे. राणी मुलीच्या हातात खंजीर देऊन झारास्ट्रोला मारायला सांगते, पण मुलगी ते करत नाही. शेवटच्या परीक्षेला पामिना तामिनोचा हात धरून त्याच्याबरोबर जाते. पापागेनोला पापागेना मिळते. राणी आणि तिची माणसं गडगडाटात जमिनीत गडप होतात आणि रंगमंच सूर्यप्रकाशाने भरून जातो.

एवढं माहीत असलं की पुरे. पहिल्या आणि दुसऱ्या अंकात राणीची दोन रूपं का दिसतात, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

५. इतकी चित्रीकरणं आहेत. पहिलं कोणतं बघू?

माझं उत्तर बरीच वर्षं बदललेलं नाही: म्युनिकच्या बायरिश स्टाट्सओपरचं १९८३ चं. दिग्दर्शक आउगुस्ट एव्हरडिंग, संगीत संचालक वोल्फगांग सावालिश. पामिना लुचिया पॉप, राणी एडिटा ग्रुबेरोव्हा, तामिनो फ्रान्सिस्को अराइझा, झारास्ट्रो कुर्ट मोल, पापागेनो वोल्फगांग ब्रेंडल. चित्र आजच्या मानाने मऊ आहे, प्रकाश जुन्या पद्धतीचा. पण हे नाटक परीकथा म्हणून सरळ सांगितलेलं आहे, आणि पहिल्या वेळी तेच हवं.

चित्राची स्वच्छता जास्त महत्त्वाची वाटत असेल तर लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचं २००३ चं घ्या. दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकर, संचालक कॉलिन डेव्हिस, राणी डियाना डामराउ, पामिना डोरोथेआ र्‍योशमान आणि पापागेनो सायमन कीनलीसाइड. कीनलीसाइडचा पापागेनो हसवतो, पण त्याच्या एकटेपणाने गलबलूनही येतं. दुसऱ्या बघण्याला हेच घ्या, म्हणजे एकच भूमिका किती वेगळी होते ते कळेल.

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा १९७५ चा चित्रपट प्रसिद्ध आहे आणि तो फार सुंदर आहे, पण त्याबद्दल प्रश्न १७ आधी वाचा.

६. भारतात बसून हे बघायचं कुठे?

तीन वाटा आहेत. 'ऑपेराव्हिजन' हा युरोपीय ऑपेरागृहांचा एकत्रित उपक्रम आहे. तो चित्रित प्रयोग काही महिन्यांसाठी मोफत दाखवतो, पण 'जादूची बासरी' तिथे नेहमी असेलच असं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची आणि 'मेडिची' या संगीत-चित्रफितींच्या संकेतस्थळाची वर्गणी भरून बघायची सोय आहे. तिसरी वाट डीव्हीडी किंवा ब्लू-रेची. भारताचा डीव्हीडी विभाग ५ आहे, पण ऑपेराच्या बहुतेक डिस्क ० विभागाच्या, म्हणजे कुठेही चालणाऱ्या असतात. मागवण्यापूर्वी वेष्टनाच्या मागचा आकडा बघून घ्या.

मुंबईत राहत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्राच्या कार्यक्रमपत्रिकेवर नजर ठेवा. मेट्रोपॉलिटनचे प्रयोग तिथे मोठ्या पडद्यावर दाखवले गेले आहेत. घरची सवय झाल्यावर एकदा तसं बघायला मिळालं तर सोडू नका.

७. जर्मन येत नाही आणि मराठी सबटायटल तर नसतातच. मग?

इंग्रजी सबटायटल जवळजवळ प्रत्येक डिस्कवर असतात. ते वाचताना एक लक्षात ठेवा: गाण्यात तीच ओळ चार-पाच वेळा येते आणि सबटायटल एकदाच येऊन जातं. पडदा रिकामा झाला म्हणजे काही हुकलं असं नाही. ती वेळ चेहरा बघायची.

इंग्रजी भराभर न वाचणारं कुणी घरात असेल, तर अंक सुरू होण्यापूर्वी त्या अंकाची गोष्ट तोंडी सांगा आणि सबटायटल बंद करून टाका. माझ्या आईने हा ऑपेरा असाच पाहिला. एकही ओळ न वाचता तिला पापागेनो पूर्ण कळला होता आणि राणी खोटं बोलतेय हे तिने माझ्याआधी ओळखलं. "तिचं रडणं फार नीटनेटकं आहे," असं ती म्हणाली होती.

८. एवढा वेळ एका बैठकीत बसवत नाही. तोडून बघितलं तर चालेल?

चालेल, पण कुठे तोडायचं ते ठरलेलं आहे. ऑपेरा दोन अंकी आहे. मूळ गद्य किती ठेवलंय त्यावर लांबी अवलंबून, साधारण अडीच ते तीन तास. पहिला अंक एका संध्याकाळी, दुसरा दुसऱ्या. अंकाच्या मध्ये थांबू नका, विशेषतः दोन्ही अंकांचे शेवट तोडू नका. तिथे मोझार्टने गद्य पूर्ण सोडून दिलं आहे आणि वीस-वीस मिनिटांहून जास्त संगीत सलग वाहतं. फोन वाजला म्हणून तिथे थांबवलंत तर मागे जाऊन त्या भागाच्या सुरुवातीपासून लावा.

आणि सुरुवातीची सात मिनिटांची वाद्यवृंदाची रचना, ओव्हर्चर, पुढे ढकलू नका. पडदा बंद आहे म्हणजे काही चाललेलं नाही असं वाटतं. पण पहिल्याच क्षणाचे ते तीन भारदस्त स्वरसमूह पुढे मंदिरात पुन्हा ऐकू येतात, आणि पहिल्यांदा ऐकलेले नसतील तर ओळखू येत नाहीत.

९. टीव्हीवर आवाज पातळ येतो. त्यात एवढं भारावण्यासारखं काय आहे ते कळत नाही.

दोष टीव्हीच्या स्पीकरचा आहे आणि या ऑपेरात तो जास्तच बोचतो. पेटीवर पांढरी चारचा सूर वाजवा. या ऑपेरातला सगळ्यात उंच सूर पांढरी चार, राणीचा. सगळ्यात खोल सूरही पांढरी चार, झारास्ट्रोचा. दोघांत चार सप्तकांचं अंतर. वरचा सूर जवळजवळ १४०० हर्ट्झला आहे, खालचा ९० च्या आत. टीव्हीचे चपटे स्पीकर वरचा सूर झकास देतात आणि खालचा गिळून टाकतात. म्हणजे घरी बसलेल्याला राणी पूर्ण ऐकू येते आणि झारास्ट्रो अर्धा. नाटकाचा तोलच जातो.

उपाय महाग नाही. कानांवर पूर्ण बसणारे साधे, तारेचे हेडफोन लावा, किंवा घरात जे मोठे स्पीकर असतील त्यांना टीव्ही जोडा. डिस्कवर आवाजाचे पर्याय असतात, त्यात दोनच स्पीकर असतील तर स्टिरिओ निवडा. पाच स्पीकरांचा पर्याय दोन स्पीकरांवर लावला की गाणं कधी कधी वाद्यांत बुडतं. टीव्हीतला 'नाइट मोड'ही बंद करा. तो हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करून टाकतो, आणि मोझार्टने जिथे कुजबुज लिहिली तिथे तुम्हाला बोलणं ऐकू येतं.

जाता जाता: ऑपेरागृहात गायक माईक लावून गात नाहीत. ध्वनिमुद्रणासाठी माईक असतात, पण प्रेक्षागृहात पोचतो तो नुसता गळा. ब्रेगेंझच्या तळ्यातल्या उघड्या रंगमंचासारखे अपवाद आहेत, तिथे ध्वनिवर्धक लागतातच.

१०. गायकांचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. डिस्क खराब आहे का?

दोन शक्यता. ब्लूटूथने आवाज दुसरीकडे नेत असाल तर तो किंचित उशिरा पोचतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' असतं, ते जुळवा, नाहीतर तार वापरा. दुसरी शक्यता अशी की तुम्ही स्टुडिओत केलेला चित्रपट बघताय. हॅम्बुर्गच्या ऑपेराचा पीटर युस्टिनोव्हने दिग्दर्शित केलेला १९७१ चा किंवा बर्गमनचा, यांत आवाज आधी मुद्रित करून नंतर त्यावर अभिनय केलेला आहे. तिथे बारीकसा फरक जाणवतो आणि त्याला इलाज नाही.

११. आम्हाला हिंदुस्थानी संगीताची आणि नाट्यपदांची सवय. इथे कान कशाला धरून ठेवायचा?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

पहिली गोष्ट, मनातला तानपुरा बंद करा. आपण एक सा धरून बसतो, तो मैफलभर हलत नाही. इथे प्रत्येक गाण्याचा सा वेगळा असतो, कधी एकाच गाण्यात तो सरकतो. मात्र संपूर्ण ऑपेराला एक घर आहे. तो काळी दोनमध्ये सुरू होतो आणि तीन तासांनी काळी दोनमध्येच संपतो. मधे कितीही लांब गेला तरी शेवटी घरी आल्याचा जो आनंद होतो, तो आपल्याला समेच्या ओळखीमुळे चटकन कळेल.

दुसरी गोष्ट, एका वेळी अनेक गळे. पहिल्या अंकातलं पाच जणांचं गाणं त्यासाठी घ्या. पापागेनोच्या तोंडाला कुलूप आहे, तो फक्त 'हं हं हं हं' करतो आणि 'बासून' हे जाड आवाजाचं फुंकवाद्य त्याच्याबरोबर तेच सूर वाजवतं. तामिनो त्याची कीव करतो, मग तीन स्त्रिया येतात. पहिल्यांदा सगळं मिळून ऐका. दुसऱ्यांदा फक्त तामिनोला धरा. तिसऱ्यांदा तीन स्त्रियांतल्या सर्वांत खालच्या आवाजाला. ही सोय घरीच मिळते, ऑपेरागृहात नाही.

तिसरी गोष्ट राणीच्या दुसऱ्या अंकातल्या प्रसिद्ध गाण्याची. ते सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. लोक त्याला 'तानबाजी' म्हणतात. ती नुसती तानबाजी नाही. आई मुलीला सांगते आहे की खून कर, नाहीतर तू माझी मुलगी नव्हेस, आणि संतापाने तिचे शब्दच तुटतात, उरतात फक्त सूर. ग्रुबेरोव्हा आणि डामराउ दोघींचं ऐका. एकीचा प्रत्येक सूर सुईच्या टोकासारखा, दुसरीचा राग अंगावर येणारा.

आणि आता ते गाणं, ज्यासाठी मी हा ऑपेरा लावतो. दुसऱ्या अंकात तामिनोने मौन धरलं आहे. पामिना बासरी ऐकून धावत येते. तो बोलत नाही, हाताने तिला जा म्हणून खुणावतो. याचं माझ्यावर प्रेम उरलं नाही, असं तिला वाटतं आणि ती गाते. सा पांढरी पाचचा, गंधार कोमल. वाद्यं जवळजवळ काहीच करत नाहीत, नुसते तंतुवाद्यांचे तुटक ठोके, थकलेल्या हृदयासारखे. तिचा आवाज थांबल्यावर वाद्यं थोडी पुढे जातात आणि विझतात. ऑपेरागृहात आपण गाणारीकडेच बघत असतो. चित्रीकरणात कॅमेरा मधूनच तामिनोच्या चेहऱ्याकडे वळतो, आणि बोलता येत असून न बोलणाऱ्या माणसाचं दुःख जवळून दिसतं. घरी बघण्याचा एवढा मोठा फायदा मला दुसरीकडे कुठे दिसला नाही. लुचिया पॉपचं हे गाणं ऐकून लगेच पुढचा प्रवेश लावू नका, एक मिनिट थांबा.

अग्नी आणि पाण्याच्या परीक्षेत मोठा गाजावाजा अपेक्षित असतो. मोझार्ट तिथे उलट करतो: एकटी बासरी, खाली ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची, हळू साथ आणि टिंपनी या नगाऱ्यांचे ठोके. त्याआधी चिलखत घातलेले दोन पुरुष एका जुन्या लुथरन ख्रिस्ती प्रार्थनेच्या चालीवर गातात. तो भाग नेमका हेडफोनवर ऐकण्यासारखा आहे.

१२. राणी पहिल्या अंकात दुःखी आई, दुसऱ्यात खुनशी. लेखकाने मध्येच गोष्ट बदलली का?

बदलली असावी, असा तर्क फार जुना आहे. मला तो पटत नाही. आपण सगळी गोष्ट तामिनोच्या डोळ्यांनी बघतो, आणि पहिल्या अंकात त्याला फक्त राणीची बाजू माहीत आहे. त्याचा भ्रम तुटतो तसा आपलाही तुटतो.

पण गोंधळाचं खरं कारण बहुतेक वेळा कात्री असते. राणीच्या त्या संतप्त गाण्याआधी आई आणि मुलीचा गद्य संवाद आहे. त्यात कळतं की राणीच्या नवऱ्याने मरताना सूर्याचं सातपदरी चक्र, म्हणजे सत्ता, बायकोला न देता झारास्ट्रोकडे सोपवली. राणीचा राग तिथून येतो. पुष्कळ चित्रीकरणांत हा संवाद कापलेला किंवा दोन वाक्यांवर आणलेला असतो, आणि मग ती उगाचच भडकल्यासारखी दिसते. तसंच बासरीचं मूळ: हजार वर्षांच्या ओक वृक्षाच्या गाभ्यातून, विजा कडाडत असताना, ती पामिनाच्या वडिलांनी कोरली होती. हे पामिना परीक्षेआधी गाऊन सांगते. म्हणजे ज्या बासरीने दोघं तरतात ती राणीच्याच घरातली आहे. एवढं लक्षात ठेवून बघितलं की राणीबद्दल थोडी वेगळी भावना होते.

१३. मुलांना दाखवू का? किती वर्षांच्या?

मोझार्टने आपल्या सात वर्षांच्या मुलाला, कार्लला, नेलं होतं आणि पोराला अतिशय आनंद झाल्याचं लिहिलं आहे. पापागेनोची पाच सुरांची बासरी, घंटांच्या तालावर नाचणारे पहारेकरी, हवेतून येणारे तीन मुलगे, ही मुलांची हक्काची जागा आहे.

मात्र दोन प्रसंग आधी सांगून ठेवा. दुसऱ्या अंकात पामिना खंजिराने स्वतःला संपवू बघते आणि नंतर पापागेनो गळफास घ्यायला निघतो. दोघांनाही ते तीन मुलगे थांबवतात. पापागेनोचा प्रसंग गमतीच्या अंगाने केलेला असतो, तो एक-दोन-तीन मोजतो, पण लहान मूल त्यात गंमत बघेलच असं नाही. शेजारी बसा.

१४. मोनोस्तातोसचे संवाद आणि स्त्रियांबद्दलची वाक्यं ऐकवत नाहीत. ती अशीच आहेत का?

मूळ संहितेत आहेत. मोनोस्तातोस हा झारास्ट्रोचा कृष्णवर्णीय गुलाम दाखवलेला आहे, त्याचा रंग आणि त्याचं दुष्टपण एकत्र बांधलेलं आहे, आणि साधकांच्या तोंडी बायकांना कमी लेखणारी वाक्यं आहेत. त्यावर पांघरूण घालावं असं मला वाटत नाही. जुन्या चित्रीकरणांत गोरा गायक तोंडाला काळं फासून येतो, ते बघणं आज क्लेशदायक आहे. नव्या प्रयोगांत हे पात्र बहुधा वेगळ्या तऱ्हेने उभं करतात आणि शब्द बदलतात.

संगीत संहितेच्या पुढे गेलं आहे, हेही ऐका. मोनोस्तातोसच्या गाण्यात तो विचारतो की सगळ्यांना प्रेम मिळतं, मलाच का नाही, मला हृदय नाही का. आणि साधक काहीही म्हणोत, शेवटच्या परीक्षेत वाट दाखवते ती पामिना. तामिनो तिच्या मागून चालतो.

१५. फ्रीमेसन लोकांची गुपितं यात आहेत म्हणतात. ती माहीत असावी लागतात का?

नाही. फ्रीमेसन म्हणजे गुप्त विधी पाळणारं एक बंधुमंडळ, आणि मोझार्ट १७८४ पासून त्या मंडळाचा सभासद होता. तीनचा आकडा, अंधारातून प्रकाशाकडे जाणं, मौन, परीक्षा, या सगळ्याला तो संदर्भ आहे. तीन स्त्रिया, तीन मुलगे, तीन मंदिरं, सुरुवातीचे तीन स्वरसमूह. ते मोजण्यात मजा येते, पण न मोजताही काही अडत नाही.

१६. मी लावलं तर सगळे कोट-टायमध्ये, सर्पच नाही. हे काय आहे?

जर्मनीत दिग्दर्शकाने जुन्या कृतीचा नव्याने अर्थ लावायची परंपरा जोरात आहे. सूर तसेच राहतात, रंगमंच मात्र बदलतो. बर्लिनच्या कोमिशे ओपरमध्ये दिग्दर्शक बॅरी कॉस्की आणि '१९२७' नावाच्या ब्रिटिश नाट्यमंडळीने २०१२ साली केलेला प्रयोग मूकपटासारखा आहे: गायक एका भिंतीवर उभे, भोवती हलती चित्रं, राणी म्हणजे अवाढव्य कोळीण. गद्य संवाद पूर्ण काढून तिथे मूकपटासारख्या पाट्या येतात. मला हा प्रयोग मनापासून आवडतो, कारण दिग्दर्शकाने संगीत लक्ष देऊन ऐकलेलं आहे हे प्रत्येक हालचालीत दिसतं. सगळेच असे नसतात. पण पहिल्यांदा बघताय तर प्रश्न ५ मधली दोन घ्या, मग इकडे या.

१७. माझ्या प्रतीत भाषा जर्मन वाटत नाही आणि झारास्ट्रो पामिनाचा बाप आहे! तुम्ही सांगितलेली गोष्ट चुकली का?

तुम्ही बर्गमनचा चित्रपट बघताय. तो स्वीडिश टीव्हीसाठी केलेला, स्वीडिशमध्ये गायलेला आहे आणि १ जानेवारी १९७५ ला पहिल्यांदा दाखवला गेला. बर्गमनने झारास्ट्रोला पामिनाचा बाप केलं, त्यामुळे गोष्ट आई-बापांच्या भांडणात सापडलेल्या मुलीची होते. ओव्हर्चरभर तो प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो, मध्यंतरात पडद्यामागचे नट. मूळ गोष्ट माहीत असली तर त्याने काय केलं ते कळतं, म्हणून आधी प्रश्न ४, मग बर्गमन.

इंग्रजीत गायलेली प्रत असेल तर ती बहुधा एक तर ज्युली टेमरच्या मेट्रोपॉलिटनमधल्या प्रयोगाची, मुलांसाठी कापून लहान केलेली आवृत्ती असेल, किंवा केनेथ ब्रॅनाचा २००६ चा चित्रपट. टेमरच्या बाहुल्या आणि उडणारे पक्षी बघण्यासारखे आहेत, पण ते संपूर्ण 'जादूची बासरी' नाही.

१८. हे आवडलं. आता थेट वॅग्नर लावू का?

थोडं थांबा. वॅग्नरच्या 'रिंग'मध्ये चार ऑपेरा आहेत, मिळून सुमारे १५ तास, आणि त्यात ना गद्य, ना सुटी गाणी. मध्ये दोन पायऱ्या घ्या. बेटहोफनचा 'फिडेलिओ', पहिला प्रयोग १८०५, आजचं रूप १८१४ चं: तुरुंगात डांबलेल्या नवऱ्याला सोडवायला बायको पुरुषवेषात तिथे नोकरी धरते. कैद्यांना घटकाभर उजेडात सोडतात तेव्हाचा समूहस्वर ऐकाच. मग वेबरचा १८२१ चा 'डेअर फ्रायश्युट्स', रानातला, भुताखेतांचा. दोन्हींत गद्य आहे, म्हणजे वळण ओळखीचं. त्यानंतर वॅग्नर लावायचा तर बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवातला, दिग्दर्शक पात्रिस शेरो आणि संचालक पिएर बूलेझ यांचा, १९७९-८० मध्ये चित्रित झालेला 'रिंग'.

१९. चित्रीकरणात गाणं संपलं की टाळ्यांनी मूड तुटतो. आणि वन्समोअर का देत नाहीत?

आता सहसा देत नाहीत, पण पहिल्या महिन्यात देत होते. मोझार्टच्याच पत्रात आहे: पामिना आणि पापागेनोचं द्वंद्वगीत, पहिल्या अंकातला घंटांचा प्रसंग आणि दुसऱ्या अंकातलं तीन मुलग्यांचं गाणं, तिन्ही पुन्हा म्हणावी लागली. त्याच पत्रात पुढे तो म्हणतो की सगळ्यांत जास्त आनंद होतो तो निःशब्द दाद मिळते तेव्हा. पामिनाच्या त्या गाण्यानंतर तुमच्या डिस्कवर लगेच टाळ्या असतील, तर रिमोट जवळ ठेवा आणि शेवटच्या सुरावर आवाज बंद करा.